वर्दीतल्या आईची नोंद कुठे आहे?

विंग कमांडर डॉ. विजयालक्ष्मी रमणन 18 ऑक्टोबर 2020 रोजी बंगळुरूमध्ये वारल्या. वय 96. करोनाचं वर्ष होतं, रोज मरणाचे आकडे येत होते, त्यात ही बातमी आली आणि गेली. माझ्या ओळखीत फौजेतून निवृत्त झालेली बरीच माणसं आहेत. त्यांच्यापैकी एकालाही ती कळलेली नव्हती. भारतीय हवाई दलातल्या पहिल्या महिला अधिकारी, असं मथळ्यात होतं. खाली दोन मुलं, कर्नाटक संगीताची आवड आणि हवाई दलाच्या निळ्या रंगाची साडी हाच गणवेश, एवढा मजकूर.

त्यात खोटं काहीच नव्हतं. तरीही जे सांगायला हवं होतं ते राहून गेलं. त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूच्या आठ महिने आधी, 17 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची नोकरी, देण्याचा निकाल दिला. त्या खटल्यात केंद्र सरकारने लेखी म्हणणं मांडलं होतं. गर्भारपण, आईपण, मुलाबाळांच्या आणि घरच्या जबाबदाऱ्या यांमुळे बायकांना फौजेतल्या नोकरीच्या कसोट्या पेलणं अवघड जातं, असा त्याचा रोख होता. हे म्हणणं दिल्लीत मांडलं जात असताना जवळपास 24 वर्षं वर्दीत काढलेली, दोन मुलं वाढवलेली, पदक मिळवून निवृत्त झालेली एक बाई बंगळुरूत हयात होती. तिचं आयुष्य हेच त्या युक्तिवादाला उत्तर होतं. पण ते उत्तर कोणाला ठाऊकच नव्हतं, कारण आपण ते कुठे नोंदवून ठेवलं नव्हतं.

फौजेत नोकरी केलेल्या आईची आठवण ठेवणं ही निव्वळ भावनेची बाब आहे, असं आपण समजतो. मला ते मान्य नाही. अशी आठवण पुढच्या बायकांच्या हातातला पुरावा असते. ती गमावली की जे एकदा करून दाखवलंय तेच पुन्हा पहिल्यापासून, कोर्टाच्या पायऱ्या चढून सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे नेमकं हेच घडलं.

रमणन यांचा जन्म 1924 चा. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकल्या, स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या. 22 ऑगस्ट 1955 रोजी त्यांना आर्मी मेडिकल कोअरमध्ये कमिशन मिळालं आणि त्यांना हवाई दलाकडे पाठवलं गेलं. नवराही हवाई दलातच अधिकारी. बाईसाठी हवाई दलात गणवेशच ठरलेला नव्हता, म्हणून दलाच्या रंगाची साडी आणि लांब बाह्यांचं पोलकं असा पोशाख आला. हवाई दलाच्या निरनिराळ्या दवाखान्यांत त्यांनी काम केलं. जवानांच्या बायकांची बाळंतपणं केली, कुटुंबनियोजनाचं काम पाहिलं, नर्सिंग अधिकाऱ्यांना शिकवलं. युद्धं झाली तेव्हा जखमी जवानांची सेवाही केली.

1971 मध्ये त्यांचे पती गेले. त्यांच्या आयुष्यातला हाच भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि त्यावरच सगळ्यात कमी लिहिलं गेलं. त्या काळात विधवा झालेल्या बाईकडे नातेवाईक, शेजारी, ऑफिस सगळेच ‘आता हिचं कसं होणार’ या नजरेने बघत. नोकरी सोड, माहेरी जा, मुलांकडे बघ, असा सल्ला न मागता मिळे. रमणन वर्दीतच राहिल्या. पुढच्याच वर्षी, 1972 च्या ऑगस्टमध्ये, त्या विंग कमांडर झाल्या. 1977 मध्ये विशिष्ट सेवा पदक मिळालं. फेब्रुवारी 1979 मध्ये त्या निवृत्त झाल्या. म्हणजे एकटीने घर चालवण्याची वेळ आल्यानंतरची आठ वर्षं त्यांनी हवाई दलात काढली, आणि बढती व पदक दोन्ही त्याच आठ वर्षांतलं. आईपण फौजी नोकरीच्या आड येतं असं ज्यांना कागदावर लिहावंसं वाटलं, त्यांनी आधी ही आठ वर्षं पाहायला हवी होती.

रमणन हा अपवाद होता, असं कोणी म्हणेल. डॉक्टर म्हणून त्यांना वेगळी वाट मिळाली, हे खरंच आहे. आर्मी मेडिकल कोअरमध्ये महिला डॉक्टरांना पुरुषांच्या बरोबरीने नियमित कमिशन 1958 पासून मिळू लागलं. इतर बहुतेक शाखांतल्या बायकांना तेच मिळवायला 2020 उजाडलं. पण हा फरकच माझा मुद्दा पक्का करतो. 60 वर्षं लष्कराच्या स्वतःच्या दवाखान्यांत महिला अधिकारी लग्न करत होत्या, बाळंत होत होत्या, बदलीच्या गावी बिऱ्हाड हलवत होत्या, रात्रपाळी करत होत्या आणि बढत्याही मिळवत होत्या. पुनिता अरोरा 2004 मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या आणि पुण्याच्या सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या (एएफएमसी) प्रमुख झाल्या. 2020 मध्ये माधुरी कानिटकरही लेफ्टनंट जनरल झाल्या, पुढे त्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. फौजेला दाखला बाहेरून, दुसऱ्या देशातून आणायची गरज नव्हती. तो तिच्याच घरात होता.

त्याच घरात उलटा दाखलाही होता. तो वाचताना माझा संताप आवरत नाही.

फौजी दवाखान्यात डॉक्टरांच्या बरोबरीने उभी असते ती मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची अधिकारी. या सेवेची सुरुवात आपल्या मुंबईतूनच झाली. 28 मार्च 1888 रोजी दहा ब्रिटिश परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, त्या हिंदुस्थानातल्या लष्करी दवाखान्यांची शुश्रूषा व्यवस्था लावण्यासाठी. 1 ऑक्टोबर 1926 पासून ही सेवा भारतीय लष्कराचा कायमचा भाग झाली. दोन्ही महायुद्धांत आणि त्यानंतरच्या प्रत्येक लढाईत जखमी जवानाला शुद्धीवर आल्यावर पहिला चेहरा दिसला तो बहुतेक वेळा यांचा. खांद्यावर लेफ्टनंट, कॅप्टन, मेजरच्या खुणा असतात, पण सगळे त्यांना ‘सिस्टर’ म्हणूनच हाक मारतात. जवान ती हाक मायेने मारतो, पण ती मारता मारता समोरची बाई अधिकारी आहे याचा विसर पडतो.

या सेवेतल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना 1988 मध्ये नोकरीवरून कमी केलं गेलं. कारण त्यांनी लग्न केलं. 1977 च्या एका लष्करी आदेशात लग्न हे नर्सिंग अधिकाऱ्याला काढून टाकायचं कारण म्हणून नोंदलेलं होतं, आणि तो नियम फक्त बायकांना लागू होता. नवराही लष्करातच अधिकारी होता, त्याच्या नोकरीला त्याच लग्नाने धक्का लागला नाही. त्या लढत राहिल्या. 14 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी आणि उघड लिंगभेदाचा ठरवला आणि 60 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. मधे 36 वर्षं गेली. भरपाईने पैसे मिळाले, पण ती बाई ज्या ज्या वॉर्डांत उभी राहिली असती, ज्या जवानांना बरं करून परत पाठवलं असतं, ज्या पदापर्यंत पोचली असती, ते सगळं गेलं ते गेलंच.

रमणन 1979 मध्ये पदकासह निवृत्त झाल्या आणि नऊच वर्षांनी, 1988 मध्ये, एका नर्सिंग अधिकाऱ्याला निव्वळ लग्नापायी घरी पाठवलं गेलं. वर्दी तीच, दवाखाने तेच, रुग्ण तेच. डॉक्टर आई चालते, नर्स नवरी चालत नाही. हा फरक कोणत्या युद्धशास्त्रातून आला? तो आला समाजातल्या उतरंडीतून, डॉक्टर आणि नर्स यांच्याकडे बघण्याच्या आपल्या वेगवेगळ्या नजरेतून. पहिलीचं आयुष्य नीट नोंदलेलं असतं, शिकवलं गेलं असतं, तर दुसरीच्या वकिलाला पहिल्याच दिवशी ते न्यायालयापुढे ठेवता आलं असतं.

2020 च्या खटल्यात सरकारने आणखी एक गोष्ट म्हटली होती. जवान बहुतेक ग्रामीण भागातून येतात, त्यामुळे बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नसते. न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. पण गावाकडच्या माणसाने यावर बोललं पाहिजे, कारण यात अपमान बाईचा आहे तसाच जवानाचाही आहे. सातारा जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जवान कामी आले, आणि त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. अशा गावांतला गडी घरी आईचा शब्द मानून, तिच्या हातची शिदोरी घेऊन भरतीला जातो. नवरा मिल्ट्रीत असताना शेत, कोर्टकचेरी, सोसायटीचं कर्ज, मुलांची शाळा हे सगळं चालवणाऱ्या बाईच्या हुकुमतीत तो वाढलेला असतो. मिलिटरी हॉस्पिटलात मॅडम डॉक्टरने ‘उठायचं नाही’ म्हटलं की तो उठत नाही. जिजाऊंपासून अहिल्याबाईंपर्यंतच्या कहाण्या ऐकत मोठं झालेल्या या मुलखाला बाईचा हुकूम चालत नाही, हे दिल्लीत बसून कोणी ठरवलं?

झाशीच्या राणीचाच दाखला घेऊ. मोरोपंत तांब्यांची ही मुलगी नेवाळकरांच्या घरात गेली आणि 1858 मध्ये लढता लढता पडली. तिचा पुतळा म्हटला की घोडा, तलवार आणि पाठीशी बांधलेलं पोर एवढंच आपल्याला दिसतं. म्हणजे आपल्या मनातली सगळ्यात ठळक फौजी प्रतिमा एका आईची आहे. इतकी सवयीची की त्यातलं आईपण आणि लढणं वेगळं काढावं असं कोणाला वाटतही नाही. पण त्या पाठीवरच्या मुलाचं पुढे काय झालं, हे किती जणांना माहीत असतं? दामोदरराव आईच्या मागे रानोमाळ भटकले, नंतर इंग्रजांच्या तुटपुंज्या पेन्शनीवर इंदूरला राहिले आणि 1906 मध्ये वारले. झाशी त्यांना कधीच परत मिळाली नाही. पुतळे उभारताना आपण खर्च करतो, मिरवणुका काढतो, पण लढणाऱ्या आईच्या मुलाचं काय झालं हा प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेतली नाही. ती सवय असती तर आजच्या फौजी आईसाठी छावणीत पाळणाघर आहे का, नवरा-बायको दोघं फौजेत असतील तर बदली एकाच गावी होते का, हे प्रश्न आपल्या चर्चेत आपोआप आले असते.

राणीच्या नावाने पुढे खरोखरची पलटण उभी राहिली. 1943 मध्ये सिंगापुरात सुभाषबाबूंनी झाशीची राणी रेजिमेंट काढली आणि तिचं नेतृत्व डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन या तिशीही न गाठलेल्या डॉक्टरकडे दिलं. पलटणीतल्या कित्येक मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतल्या होत्या. ज्या हिंदुस्थानासाठी त्या कवायत शिकत होत्या तो त्यांनी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. आझाद हिंदच्या हंगामी सरकारात लक्ष्मी मंत्री होत्या. ब्रह्मदेशात पकडल्या गेल्या, 1946 मध्ये मायदेशी आणल्या गेल्या. 1947 मध्ये त्यांचं लग्न प्रेमकुमार सहगल यांच्याशी झालं. लाल किल्ल्यातल्या खटल्यात उभे राहिलेले ते हेच. दोघांनी कानपुरात संसार थाटला, दोन मुली झाल्या.

पुढची साठ-पासष्ट वर्षं कॅप्टन लक्ष्मी कानपुरात गरीब बायकांची बाळंतपणं करत राहिल्या. फाळणीचे निर्वासित आले तेव्हा, 1971 मध्ये बांगलादेशातून लोंढे आले तेव्हा, 1984 मध्ये भोपाळला वायू गळला तेव्हा, त्या औषधांची पेटी घेऊन तिथे होत्या. नव्वदी ओलांडल्यावरही दवाखान्यात बसत. 2002 मध्ये डाव्या पक्षांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी कलामांच्या विरोधात उभं केलं. 23 जुलै 2012 रोजी 97 व्या वर्षी त्या गेल्या, आणि देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिलेला होता. त्यांच्या राजकारणाशी ज्याचं पटत नाही त्यालाही हे आयुष्य नाकारता येणार नाही.

पण त्यांच्या आयुष्याचे आपण दोन कप्पे करून टाकले. टोपी-गणवेशातली तरुण कॅप्टन शाळेच्या पुस्तकात, तेही नेताजींच्या धड्यातल्या एका वाक्यात. आणि कानपूरच्या मायाळू डॉक्टर आजी श्रद्धांजलीच्या लेखात. मधला धागाच तुटला. ज्या बाईने पलटण चालवली तिनेच लहान मुलींना वाढवत दवाखाना चालवला, रात्रीबेरात्री उठून अडलेल्या बायकांना सोडवलं, ही एकाच शिस्तीची दोन रूपं होती. आझाद हिंदच्या सैनिकांना स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्करात परत घेतलं गेलं नाही, हेही इथे लक्षात घ्यावं लागतं. त्यामुळे त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान मिळाला, पद्मविभूषण मिळालं, पण भारताच्या लष्करी परंपरेतलं एक पान म्हणून ही पलटण कधी शिकवली गेली नाही. 1992 मध्ये लष्कराने डॉक्टर-नर्स सोडून इतर शाखांत महिला अधिकारी घ्यायला सुरुवात केली आणि 6 मार्च 1993 रोजी चेन्नईच्या लष्करी अकादमीतून 25 जणींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा तिच्याकडे अगदी नवा प्रयोग म्हणून पाहिलं गेलं. प्रयोग 50 वर्षांपूर्वी होऊन गेला होता, आणि तो करणारी कॅप्टन तेव्हा कानपुरात रुग्ण तपासत होती.

आता थोडं पैशाबद्दल, कारण आदराची खरी परीक्षा तिथेच होते. कमिशन्ड अधिकाऱ्याला पेन्शन मिळायला 20 वर्षं सेवा लागते. 1990 च्या दशकात शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या कमिशनवर, आलेल्या महिला अधिकाऱ्यांना त्या आधीच बाहेर काढलं गेलं. पुढे कायम कमिशन मिळेल या आशेवर त्या आल्या होत्या, ऐन उमेदीची वर्षं दिली होती. त्यातल्या कितीतरी जणी तेव्हा लहान मुलांच्या आया होत्या. हवाई दलातल्या अशा 32 जणींना सर्वोच्च न्यायालयाने 16 नोव्हेंबर 2022 रोजी 20 वर्षांची सेवा झाली असं मानून पेन्शन द्यायला सांगितलं. हा खटला विंग कमांडर ए. यू. तायडे यांच्या नावाने ओळखला जातो. तायडे हे आडनाव आपल्याकडचं, पण हा निकाल मराठी घरांत किती पोचला? नोकरीवर परत घेणं तोवर शक्य नव्हतं, इतका वेळ खटल्यातच गेला होता.

त्याआधी 25 मार्च 2021 च्या निकालात आणखी एक गोष्ट उघडी पडली होती. लष्कराने चाळिशी-पन्नाशीतल्या महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशनसाठी शारीरिक तंदुरुस्तीची जी पट्टी लावली, तीच पुरुषांना नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, ऐन तरुणपणी लावली जात होती. बायकांना ती संधी त्या वयात दिलीच नव्हती, आणि उशिरा दिली तेव्हा वय मोजलं नाही. त्यांचे वार्षिक गोपनीय अहवालही वरिष्ठांनी वर्षानुवर्षं वरवर लिहिलेले होते, कारण हिला पुढे जायचंच नाही हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. नोंद न ठेवण्याची किंमत याहून स्पष्ट कुठे दिसेल? कागदावर जे लिहिलं गेलं नाही ते घडलंच नाही असं धरलं गेलं, आणि त्या न लिहिलेल्या कागदावरून माणसाची लायकी ठरली.

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो, त्याला टाळून चालणार नाही. फौज ही लढायला असते, तिथे सोय-गैरसोय बघता येत नाही. बाळंतपणाची रजा घेतली की तुकडीतला एक माणूस कमी होतो आणि भार दुसऱ्यावर पडतो. हे खरं आहे. सध्याच्या नियमाने बाळंतपणाची रजा 180 दिवस. दोन मुलं धरली तरी 20 वर्षांच्या नोकरीत एक वर्ष जातं. आता पुरुष अधिकाऱ्याचा हिशोब मांडा. लांबलचक कोर्स असतात, अभ्यासरजा असते, दुसऱ्या खात्यात पाठवणी असते, खेळताना मोडलेला गुडघा असतो, वैद्यकीय वर्गवारी खाली येते. हे सगळं फौज सांभाळून घेते. त्याचा कोणी खटला करत नाही, आणि करूही नये. माणसं असतील तिथे शरीर असणार, घर असणार. नोव्हेंबर 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाने बाळंतपण, बालसंगोपन आणि दत्तक मुलासाठीच्या रजेचे नियम अधिकाऱ्यांप्रमाणेच सगळ्या महिला जवानांना, नौसैनिकांना आणि वायुसैनिकांना लागू केले. म्हणजे हा भार उचलता येतो हे सरकारने आता स्वतः मान्य केलं आहे. पायदळाच्या आघाडीवर बायका असाव्यात की नाही हा निराळा वाद आहे, आणि तो मी इथे ओढून आणत नाही. जिथे बायका 60-70 वर्षं काम करत आल्या आहेत, तिथल्याबद्दलच बोलतो आहे.

दुसरा आक्षेप घरचा आहे, आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. आई गेली की मुलांना ती आईच आठवते. तिची पदं, निकाल, नियम हे सगळं त्या दुःखात कशाला? मुलांना तो हक्क आहेच. घरातल्या आठवणीत कोणी नाक खुपसू नये. माझं म्हणणं गावाशी, वर्तमानपत्राशी आणि सरकारशी आहे. निवृत्त सुभेदार वारला की चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर पलटणीचं नाव असतं, युद्धाचं वर्ष असतं. शोकसभेत त्याच्या घरी न येण्याला, बारशाला नसण्याला त्याग म्हटलं जातं. बाई वारली तर प्रेमळ, सोज्ज्वळ, कुटुंबवत्सल असे शब्द येतात आणि मुलं शिकून कुठे गेली याची माहिती येते. बारशाला नसण्याची वेळ तिच्यावरही आली असेल, तर तेही त्यागच म्हणून सांगायला हवं. हयातीत मात्र तिच्या त्याच गैरहजेरीला मुलांची हेळसांड म्हटलं जातं. बाप फौजेत गेला तर कर्तव्याला गेला आणि आई गेली तर मुलांना टाकून गेली, हा हिशोब आपण कधी तरी मोडणार आहोत का?

महाराष्ट्रात शहिदांच्या आयांना वीरमाता आणि पत्नींना वीरपत्नी म्हणून मानाने बोलवायची पद्धत आहे. 26 जानेवारीला, 15 ऑगस्टला, कारगिल विजयदिनाला, तालुक्याच्या मैदानावर शाल-श्रीफळ देऊन हात जोडले जातात. ज्यांनी मुलगा किंवा नवरा दिला त्यांना तो मान मिळायलाच हवा, त्यात कणभरही कमी नको. पण या मानाच्या रचनेत बाई नेहमी कोणाची तरी असते, स्वतः नसते. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक, दोन लहान मुलांची आई, वयाची अट शिथिल झाल्यावर चेन्नईच्या अकादमीत गेल्या, आपल्याहून कितीतरी लहान मुलींबरोबर खडतर प्रशिक्षण पूर्ण केलं आणि सप्टेंबर 2017 मध्ये लेफ्टनंट झाल्या. अख्ख्या महाराष्ट्राने त्यांचं कौतुक केलं, आणि मनापासून केलं. तरीही आपण त्यांना आजवर वीरपत्नी म्हणूनच जास्त ओळखतो. अकादमीत घाम त्यांनी स्वतः गाळला होता. खांद्यावरचे तारे त्यांचे स्वतःचे आहेत.

हे बदलायला मोठा खर्च लागत नाही. जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. माजी सैनिकांची नोंद तिथे असते. त्यातल्या महिला अधिकारी, नर्सिंग अधिकारी, लष्करी डॉक्टर यांची वेगळी यादी करून ती गावागावांना कळवता येईल. लग्नानंतर गाव बदलतं, आडनाव बदलतं, त्यामुळे माहेरच्या गावाला आपली मुलगी मेजर म्हणून निवृत्त झाल्याचं कळतच नाही, आणि सासरच्या गावाला ती अमक्याची सून एवढंच माहीत असतं. मी पाहिलेल्या एकाही गावाच्या फलकावर, जिथे पहिल्या महायुद्धापासूनची नावं कोरलेली आहेत तिथेही, बाईचं नाव नाही. दोन्ही गावांच्या फलकांवर ते यावं. पुण्यात एएफएमसी आहे, कमांड हॉस्पिटल आहे, मुंबईत नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे. तिथून निवृत्त झालेल्या कितीतरी जणी याच शहरांत राहतात, सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या तोंडून त्यांचा काळ ऐकून ध्वनिमुद्रित करून ठेवायला विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी आता थांबू नये. त्यांना विचारायचे प्रश्नही नीट हवेत. रात्रपाळी असताना मूल कोणाजवळ ठेवायचात? लग्नाचा अर्ज वर गेल्यावर काय उत्तर आलं? बदली झाली तेव्हा शाळेचं काय केलंत? बढती का थांबली, कोणी थांबवली? त्यांच्या सेवापुस्तिकेत जे नाही ते इथे मिळेल.

आणि हे काम आताच करायला हवं याला एक कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2022 मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) मुलींची पहिली तुकडी आली. 30 मे 2025 रोजी त्यातल्या 17 जणी मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडल्या. पुढच्या दहा वर्षांत त्यातल्या काही जणी आया होतील. त्यांच्यासमोर रजेचा, बदलीचा, बढतीचा प्रश्न येईल तेव्हा एखादा वरिष्ठ पुन्हा म्हणेल की आईला हे जमत नाही. तेव्हा त्यांच्या हातात रमणन यांची 24 वर्षं असली पाहिजेत, 1971 नंतरच्या आठ वर्षांसकट. नाशिकपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या जिल्हा कार्यालयांनी येत्या कारगिल विजयदिनाच्या, 26 जुलैच्या आत आपापल्या यादीतली महिला माजी सैनिकांची नावं जाहीर करावीत, आणि त्या दिवशी त्यांना त्यांच्या हुद्द्याने हाक मारून व्यासपीठावर बोलवावं. मुलं, नातवंडं सोबत आली तर त्यांना पहिल्या रांगेत बसवावं.